बोअरचं पाणी आणि पहिली ओळ

कुठल्याही यंत्राला मी आधी मला माहीत असलेलं विचारते. उत्तर बरोबर आलं तरच माहीत नसलेलं विचारते. माणसांच्या बाबतीतही माझं असंच आहे. त्यामुळे माझं फार लोकांशी जमत नाही, पण ज्यांच्याशी जमतं त्यांच्याशी पक्कं जमतं.

पुण्यातल्या एका संस्थेच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हा मी वाशिमहून आलेली आणि कोथरूडमध्ये दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहणारी होते. पहिल्याच उन्हाळ्यात महापालिकेचं पाणी एक दिवसाआड झालं. आमच्या सोसायटीने जुनं बोअर साफ करून घेतलं आणि त्याचं पाणी वापराच्या टाकीत सोडलं. आता तेच पाणी स्वयंपाकघराच्या नळालाही जोडायचं घाटत होतं. आधी तपासून घ्या, असा हट्ट मी मीटिंगमध्ये धरला. भाडेकरूने मीटिंगमध्ये बोलायचं नसतं, हे मला तिथे तीन जणांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. पण पाणी तपासायचं ठरलं.

त्या पाण्याची सगळ्यात जास्त काळजी होती आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना. त्यांचा नातू दीड महिन्याचा होता. सून आजारी, कडक औषधं चाललेली, म्हणून बाळ बाटलीच्या दुधावर. डब्यातली पावडर आणि पाणी. काकूंनी मला जिन्यात अडवलं.

"अगं, मी उकळूनच देणार आहे. मग तर चालेल ना?"

बोअरच्या पाण्यात नायट्रेट जास्त असेल तर मोठ्यांना लगेच काही होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू कमी होऊ शकतो. आणि उकळून ते जात नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट पातेल्यातच राहतं, म्हणजे उलट दाटच होतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"मग तू सांगशील तेव्हाच वापरीन," त्या म्हणाल्या. मला ते वाक्य फार आवडलं आणि जडही गेलं.

बोअरचं पाणी बाटलीत भरून मी प्रयोगशाळेत नेलं, तर तिथे आधीच उल्हास. जुना कॉम्प्युटर बंद पडला होता. यंत्र चालू होतं, म्हणजे प्रत्येक बाटलीतलं पाणी किती प्रकाश अडवतं तो आकडा मिळत होता. पण त्या आकड्यावरून नायट्रेट किती, हे काढून देणारी छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, जुन्या कॉम्प्युटरवर होती. तिची जपून ठेवलेली प्रत नव्या कॉम्प्युटरवर बसवायचं काम माझ्याकडे आलं, कारण प्रयोगशाळेत हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीला न घाबरणारी मी एकटीच होते.

स्क्रिप्ट म्हणजे काही भव्य प्रकरण नव्हतं. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर तिचं नाव टाइप करायचं, पुढे आपल्या फाइलचं नाव लिहायचं, एंटर मारायचा. ती फाइलमधले आकडे ओळीने वाचते. सगळ्यात पहिला आकडा कोऱ्या पाण्याचा, म्हणजे ज्यात काहीही नाही अशा डिस्टिल्ड वॉटरचा. आम्ही त्याला ब्लँक म्हणतो. ब्लँकचा आकडा बाकी सगळ्यांतून वजा होतो आणि उरतं ते त्या त्या विहिरीचं नायट्रेट. तराजूवर भांडं ठेवून आधी काटा शून्यावर आणतात, तसंच.

ती लिहिली होती आमच्या सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो आता परदेशात असतो आणि सरांच्या बोलण्यात रोज असतो. सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, निवृत्तीला आलेले, पेठेत वाढलेले. कौतुक करायचं असेल तर गप्प बसायचं आणि टोमणा मारायचा असेल तर 'आपण' म्हणायचं, अशी त्यांची रीत.

"प्रोग्राम बसवा," सर म्हणाले, "पण आत हात घालू नका. इतकी वर्षं चाललाय. आपल्या बुद्धीचा प्रकाश त्यावर पडायची गरज नाही."

मी हात घातला नाही. स्क्रिप्ट पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतली, तीही जुन्या आवृत्तीतली होती, नव्या पायथॉनवर पहिल्याच ओळीला अडली. जुनं पायथॉन शोधून कॉम्प्युटरवर टाकलं. मग ती म्हणाली, अमुक मॉड्यूल, म्हणजे तिला लागणारा तयार तुकडा, नाही. ते टाकलं. ते टाकल्यावर म्हणाली, तमुक नाही. नव्या सुनेसारखं एकेक मागत बसली. शेवटी म्हणाली, फाइलच सापडत नाही. कारण सरांच्या फोल्डरचं नाव तीन शब्दांचं, मध्ये मोकळ्या जागा, आणि काळ्या खिडकीला नावात जागा सोडलेली खपत नाही. फोल्डरचं नाव जोडून लिहिलं आणि एकदाची ती चालली.

मग चाचणी. सरांनी त्यांची एक जुनी फाइल दिली आणि त्या फाइलच्या निकालाचा छापलेला कागद काढून ठेवला. स्क्रिप्ट चालवली. पडद्यावरचे आकडे आणि कागदावरचे आकडे दशांशासकट जुळले.

"झालं," सर म्हणाले. "पोरगं परदेशात बसून काम करतंय बघा."

लगेच मी माझी फाइल चालवली. तिच्यात पहिलं डिस्टिल्ड वॉटर, मग कसबा पेठेतला एक जुना आड, मग इतर काही विहिरी आणि शेवटी आमच्या सोसायटीचं बोअर. बोअरचं नायट्रेट आलं लिटरमागे बत्तीस मिलिग्रॅम. मर्यादा पंचेचाळीसची. म्हणजे पाणी प्यायला योग्य. सरांनी तिथल्या तिथे आमच्या सोसायटीच्या चेअरमनला फोन केला, रिपोर्ट छापायला सांगितला आणि सहीसुद्धा करून टाकली. दहा मिनिटांत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला, 'बोअरचे पाणी पिण्यास योग्य', आणि खाली अंगठ्यांची रांग लागली.

मी मात्र त्या कागदावरच्या वरच्या ओळीकडे बघत होते. कसब्यातला आड, नायट्रेट शून्य.

"सर, हा शून्य कसा?"

"का? शुद्ध पाणी असू नये का पुण्यात?"

"पेठेच्या मधोमध, चहूकडून गटारं, आणि पाणी मेडिकलच्या दुकानातल्या डिस्टिल्ड वॉटरइतकं शुद्ध?"

"ग्रामदैवत तिथेच आहे," सर म्हणाले. "आपल्या वाशिमला असे प्रकार होत नसतील."

तेवढ्यात काकूंचा फोन आला. "अगं, ग्रुपवर आलंय ठीक म्हणून. चेअरमन म्हणाले स्वयंपाकघराची लाइन आजच जोडतायत. देऊ ना बाळाला?"

"काकू, थांबा. अजून नाही."

"अगं पण रिपोर्ट तुमच्याच लॅबचा ना?"

"लॅबचा आहे. माझा अजून नाही."

कालचं भरून ठेवलेलं महापालिकेचं पाणी संध्याकाळच्या बाटलीपुरतं आहे, तोवर सांग, म्हणाल्या आणि फोन ठेवला. एका बाजूला संस्थेचा सही-शिक्क्याचा कागद आणि दुसऱ्या बाजूला वरच्या मजल्यावरची भाडेकरू पोरगी. तरी त्या थांबल्या. मी चुकले असते तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती, पण मी चुकतेय असं मला एकदाही वाटलं नाही.

मी तीन बाटल्या मांडल्या. एकीत डिस्टिल्ड वॉटर. दुसरीत नायट्रेट वजन करून घातलं, बरोबर वीस. तिसरीत बरोबर पन्नास. यंत्रावर तिन्हींचे आकडे घेतले, फाइल केली, स्क्रिप्ट चालवली. उत्तर मला आधीच माहीत होतं, वीस आणि पन्नास. स्क्रिप्टने सांगितलं, शून्य आणि तीस.

मी कागद नेऊन सरांसमोर ठेवला.

"वजन चुकलं असेल," सर म्हणाले.

"दोन्ही बाटल्यांत बरोबर वीसच कमी, सर? चूक इतकी शिस्तीत होत नाही."

"अहो, नवीन माणसाचा हात..."

"मग तुम्ही करा."

प्रयोगशाळेत असं कुणी सरांना म्हणत नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, कोट घातला आणि उठले. आणि खरं सांगते, त्यांचं काम बघत राहावं असं होतं. काट्यावर पावडर टाकताना बोट जराही हललं नाही. बाटली धुतली, पुन्हा धुतली, पाण्याची रेघ डोळ्यांच्या पातळीला आणून बघितली. माझ्यापेक्षा चांगली द्रावणं बनवली त्यांनी. आकडे मी टाइप केले, एंटर त्यांनी मारला.

शून्य आणि तीस.

सरांनी पडद्यावरच्या शून्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "वीसच्या बाटलीलाच तो कोरं पाणी समजतोय."

"हो. पहिली बाटली त्याला दिसतच नाहीये. कसब्याच्या आडाचंही तेच झालंय. आडाचं पाणी कोरं धरून बाकी सगळ्यांतून वजा केलंय."

"उघडा तो प्रोग्राम," सर म्हणाले.

उघडला. जेमतेम दोन पडदे भरतील एवढा. वरच्याच बाजूला एक ओळ होती, तिचा अर्थ असा की फाइलमधली पहिली ओळ न वाचता सोडून द्यावी. तिच्या शेजारी त्या विद्यार्थ्याने इंग्रजी अक्षरांत मराठी टीप लिहून ठेवली होती: सरांची ओळ.

"माझी कसली ओळ?" सर म्हणाले.

मी त्यांची जुनी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. सगळ्यात वर, आकडे सुरू व्हायच्या आधी, दोन उभ्या रेघा, श्री, पुन्हा दोन उभ्या रेघा.

मग आम्ही एकेक फाइल उघडत गेलो. प्रत्येकीच्या माथ्यावर श्री. इतकी वर्षं सगळ्या फाइली सरांनीच बनवल्या होत्या. त्या मुलाला सरांना सांगता आलं नसणार, की सर, आकड्यांच्या फाइलमध्ये श्री नका लिहू, प्रोग्राम अडतो. मग त्याने प्रोग्रामलाच शिकवलं की पहिली ओळ सोडून दे. पोरगा पक्का पुणेकर. सरांना ओळ दिसू दिली नाही, प्रोग्रामला श्री दिसू दिला नाही, आणि दोघांनाही खूश ठेवून परदेशी गेला.

माझ्या फाइलीत श्री नव्हता, म्हणून माझं कोरं पाणी सोडून दिलं जात होतं.

सरांना हायसं वाटलं. ते चक्क हसले. "एवढंच ना? मग आपणही लिहा की एक ओळ. कोऱ्या कागदावर श्री लिहिल्याशिवाय मी आयुष्यात काही सुरू केलेलं नाही. बाकी कशाला हात नको. लिहा आणि चालवा, दोन सेकंदांचं काम."

खरंच दोन सेकंदांचं होतं. कर्सर फाइलच्या माथ्यावर लुकलुकत होता.

"नाही सर," मी म्हटलं. "मी नाही लिहिणार."

"का हो?"

"आमच्या घरी लिहीत नाहीत."

पुण्यात एवढं वाक्य पुरतं. त्यांना कळलं, आणि त्यांना कळलं हे मलाही कळलं. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात कुठल्याच कागदाच्या माथ्यावर काही लिहिलं जात नाही. शाळेत वहीच्या पहिल्या पानावर सगळ्या मुलींचा श्री असायचा आणि माझं पान वरून रिकामं. बाईंनी एकदा विचारलं, विसरलीस का गं? विसरले नव्हते. तेव्हा मी मान खाली घातली होती. आता ती घालायची नव्हती. राग आला होता मला, खोटं कशाला बोलू. सरांचा नाही आला. ते लिहितात ते मनापासून लिहितात. राग आला तो याचा, की मी नीट पाणी मोजलं, नीट फाइल बनवली, आणि तरी चूक माझ्याच फाइलीत आहे असं धरलं गेलं.

सर टेबलावर बोटं वाजवत राहिले. "म्हणजे माझ्या फाइली चुकीच्या?"

"तुमच्या बरोबर आहेत. माझ्याही बरोबर आहेत. प्रोग्राम अडाणी आहे. सर, आज मी लिहीनही एक ओळ. उद्या माझ्या जागी येणारीला हे कोण सांगणार? ती लिहिणार नाही, आणि पुन्हा एखादं वाईट पाणी चांगलं ठरेल. बत्तीस आलं म्हणून तुम्ही सही केलीत. त्या पाण्याची बाटली दीड महिन्याचं पोर पिणार आहे."

बाळाचं मी त्यांना तोवर सांगितलं नव्हतं. त्यांनी बोटं वाजवायची थांबवली.

"घाला हात," ते म्हणाले.

मी ती ओळ काढली आणि तिच्या जागी नवं लिहिलं. पहिल्या ओळीत आकडा असेल तर वाच, आकडाच नसेल तर सोड. सरांची जुनी फाइल चालवली, निकाल छापलेल्या कागदाशी तंतोतंत. तीन बाटल्यांची फाइल चालवली, वीस आणि पन्नास. मी विजयी मुद्रेने वळले.

"आणि कुणी वर रिकामी ओळ सोडली, खाली श्री लिहिला, आणि पुन्हा रिकामी ओळ सोडली तर?" सर म्हणाले.

तशी फाइल करून चालवली. स्क्रिप्ट आडवी झाली. सरांना काय आनंद झाला! पण प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. मी बदललं, की पहिला आकडा सापडेपर्यंत येईल ती ओळ सोडत जा, मग ती एक असो की पाच. पुन्हा तिन्ही फाइली चालवल्या. तिन्ही बरोबर. टीपही बदलली मी. 'सरांची ओळ' काढून तिथे काय होतं आणि का होतं ते नीट लिहिलं. सरांनी ते वाचलं आणि काही बोलले नाहीत. ते कौतुक होतं.

मग माझी खरी फाइल. कसब्याचा आड सव्वीस. आमचं बोअर अठ्ठावन्न.

सरांनी सही केलेला रिपोर्ट उचलला, मधोमध फाडला आणि चेअरमनला फोन लावला. स्पीकरवर होता.

"सकाळचं विसरा. ते पाणी स्वयंपाकघरात जाता कामा नये."

"अहो, सकाळी तर आपणच ठीक म्हणालात! लाइन जोडून झाली की!"

"मग तोडून घ्या."

"पण असं कसं बदललं पाणी, अर्ध्या दिवसात?"

"पाणी नाही बदललं, आम्ही सुधारलो. आपल्यालाही तशी संधी आहे," असं म्हणून सरांनी फोन ठेवला.

मी काकूंना फोन केला. अठ्ठावन्न म्हटल्यावर त्यांना आकड्याचा अर्थ विचारावा लागला नाही, माझ्या आवाजावरूनच समजलं. "बरं झालं बाई थांबले," एवढंच म्हणाल्या. पण दुसरी अडचण निघाली. ग्रुपवर नवा मेसेज पडताच सगळ्या बिल्डिंगने पाण्याचे जार मागवले आणि आमच्या कोपऱ्यावरच्या जारवाल्याकडचे जार संपले. काकूंकडचं पाणी शेवटच्या बाटलीवर आलं होतं.

आमच्या प्रयोगशाळेच्या रस्त्यावर मला एक कॅन मिळाला. घ्यायच्या आधी मी त्यातलं पेलाभर पाणी आत नेऊन यंत्रावर तपासून पाहिलं. दुकानदाराला वाटलं, ही बाई वेडी आहे. नायट्रेट जवळजवळ नाहीच. मग कॅन स्कूटीवर पायांमध्ये ठेवला आणि संध्याकाळच्या गर्दीतून, सिग्नलला पाय टेकवत, कोथरूडपर्यंत आणला. जिन्यातून चढवताना माझी कंबर मोडली.

दार उघडंच होतं. बाळ रडून लाल झालं होतं आणि काकू त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होत्या.

"तशीच आत ये, थेट ओट्याशी. माझे हात अडकलेत. उकळलेली बाटली तिथे झाकून ठेवलीय, डबा शेजारी आहे. तूच कर."

मी हात साबणाने धुतले. कॅनमधलं पाणी पातेल्यात उकळलं, कोमट होईतो भांडं गार पाण्यात धरून बसले, रेघेपर्यंत बाटलीत ओतलं, पावडर मोजून घातली, हलवली. मनगटावर थेंब टाकून बघितला. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. खाली बसून ओंजळ धरायची आणि कुणाला दया आली तर वरून धार पडायची. हे मला त्या ओट्यापाशी आठवलं आणि डोळे भरून आले. मी ते पुसले नाहीत, हात पुन्हा धुवावे लागले असते.

काकूंनी बाटली घेतली. बाळाने निपल तोंडात धरलं, एकदा थांबलं आणि मग जे सुरू झालं ते श्वास घ्यायलाही थांबेना. काकू खाली बघतच म्हणाल्या, "सकाळी जाताना एक बाटली करून देऊन जा गं. तुझ्या हातचं पितोय तो."